वाटेकडची अगराची झाडं

आमचा गट रविवारी सकाळी झाडांतले खिळे उपसतो. क्लासच्या पाट्या, भाड्याने खोली, मूळव्याध, गृहशांती, कुणाचे तरी वाढदिवस. या शहरात ज्याला काही सांगायचं असतं तो ते झाडाला ठोकून मोकळा होतो. आम्ही पकड, हातोडी आणि शिडी घेऊन जातो, खिळा काढतो, जखमेवर पेस्ट लावतो. शिडीवर मी कमी चढते. खाली उभी राहून पत्रकं वाटते, कारण पत्रकं मीच लिहिते. लिहायला मला पत्रकांनीच शिकवलं. सगळं एका पानात मावलं पाहिजे. पहिल्या ओळीत वाचणाऱ्याला राग आला पाहिजे. शेवटच्या ओळीत त्यानं काय करायचं ते सांगितलं पाहिजे.

हे लिखाण त्या मापात बसणार नाही. वाचणाऱ्यानं काय करायचं ते मलाच माहीत नाही.

मी खिळ्यांवर पत्रकं लिहीत होते त्याच काळात माझे बाबा खडकवासल्याच्या पुढे, आमच्या जमिनीच्या तुकड्यावर, झाडांना भोकं पाडत होते. पट्टीनं मापून, खडूनं खुणा करून, ड्रिल मशीननं. बाबा हडपसरला एका कारखान्यात फिटर होते. कारखाना बंद पडला, आणि बाबांना घरी बसणं जमेना. आम्ही बिबवेवाडीत राहतो. दोन खोल्यांत बाबा दिवसभर काय दुरुस्त करणार? नळ झाला, मिक्सर झाला, शेजारच्यांचा मिक्सर झाला. मग त्यांनी त्या तुकड्यावर अगराची झाडं लावली आणि काही वर्षं वाढवली. शेजारी त्यांना ‘अत्तरवाले शेठ’ म्हणायचे. बाबा हसायचे. पण बाबांच्या पुढच्या म्हातारपणाची सगळी भिस्त त्या झाडांवर होती, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं.

अगराबद्दल थोडं सांगायला हवं. निरोगी झाड काही कामाचं नसतं. त्याचं लाकूड पांढरं, हलकं, बिनवासाचं. झाडाला जखम झाली, तिच्यातून बुरशी आत शिरली, की झाड स्वतःला वाचवायला आत काळी राळ तयार करतं. तो वास म्हणजे अगर. रानात हे कधी तरी, नशिबानं होतं. ज्याला पीक घ्यायचंय तो नशिबावर थांबत नाही. तो खोडात भोकं पाडतो, आत बुरशीचं पाणी सोडतो आणि वाट बघतो.

आमच्याकडे हे पाणी घेऊन यायचा तो आयटीतली नोकरी सोडून या धंद्यात आलेला एक तरुण. डोळ्यांवर गॉगल, पायांत महागडे बूट, आणि बोलणं असं की झाडंसुद्धा कंटाळतील. त्याला आम्ही घरात टोचणीवाला म्हणायचो. टोचणीच्या दिवशी मी तिथं होते. बाबांनी प्रत्येक खोडावर वर चढत जाणाऱ्या वळणात खुणा केल्या होत्या. एकाच रेषेत भोकं आली तर झाड कमजोर होतं म्हणून. मग मशीन चाललं. मग प्रत्येक भोकाला बारीक नळी, आणि वर फांदीला बाटली टांगलेली. सगळी रांग सलाईन लावलेल्या पेशंटांच्या वॉर्डासारखी दिसत होती.

“काका, आता एकच रूल,” टोचणीवाला म्हणाला. “हात लावायचा नाही. फवारणी नाही, औषध नाही, काही नाही. बुरशीला तिचं काम करू द्यायचं. ट्रस्ट द प्रोसेस.”

“बरं,” बाबा म्हणाले. “बुरशीला चहा वगैरे?”

मला त्या दिवशी हसू आलं नाही. मी बाटल्यांकडे बघत होते आणि डोक्यात पत्रक तयार होत होतं.

ते पत्रक मी रात्रीच्या जेवणाला तोंडी म्हणून दाखवलं. “बाबा, तुम्ही झाडाला रोग लावताय. मुद्दाम आजारी पाडताय, आणि मग त्याच्या आजारपणाचा वास विकणार आहात.”

“हो,” बाबा भात कालवत म्हणाले. “लागला पाहिजे पण. काही झाडांना लागतच नाही.”

“अहो, ती भांडतेय तुमच्याशी,” आई म्हणाली. “तिला शेतीची माहिती काय देताय?”

“तू नाही का लस टोचून घेतलीस?” बाबा मला म्हणाले.

“मला विचारून टोचली.”

“झाडालाही विचारलं असतं. पण पत्रकं वाचत नाही ना ते.”

आई हसली. मी चिडले. चिडल्यावर मी जे बोलते ते नेमकं असतं, तेवढं मला येतं. मी म्हटलं, “मी आठवडाभर लोकांना सांगत फिरते की एक खिळासुद्धा झाडाला सोसत नाही. उद्या माझ्या लोकांना हे कळलं, तर मी कुठल्या तोंडानं उभी राहू त्यांच्यासमोर?”

बाबांनी यावर विनोद केला नाही. “बरं,” म्हणाले, आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

मला वाटलं, मी जिंकले.

आता गटाबद्दल. आमच्या गटात एक ताई आहेत, वयानं आईएवढ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. गट त्यांनीच सुरू केला. त्यांचा आवाज ऐकून दुकानदार स्वतःच पाटी उतरवून घेतो. एकदा त्यांच्यासमोर बढाई मारताना मी बोलून गेले होते, की माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर झाडं लावलीत, धरणाच्या पुढे, स्वतःच्या हातानं. कसली झाडं ते सांगितलं नव्हतं. टोचणीनंतर थोड्याच दिवसांत ताई म्हणाल्या, “या वेळची बैठक तुझ्या बाबांच्या शेतावर घेऊ. पोरांना जरा हवा लागेल. आणि शहरात झाड वाचवणारे पुष्कळ भेटतात, लावणारा माणूस बघू दे त्यांना.”

नाही म्हणायला कारण सुचेना. घरी आल्यावर मी धमकी द्यावी तसं सांगितलं, “रविवारी माझे लोक शेतावर येताहेत.”

“किती जण?” बाबांनी विचारलं. “पोहे लागतील ना.”

बाकी काही नाही. फक्त दुसऱ्या दिवशी, पलंगाखाली माझ्या पत्रकांचा गठ्ठा असतो त्यातलं एक हातात घेऊन ते म्हणाले, “ही तुमची पेस्ट. मोरचूद आणि चुना. एवढंच ना?”

“एवढंच. कृती दिलीय खाली.”

“लावली की जखम दिसत नाही.”

“दिसणं जाऊ दे, बाबा. बुरशी शिरत नाही. शिरलेली असली तर मरते. म्हणून लावायची.”

“हं. लिहिलंय इथं,” ते म्हणाले.

ही अख्खी बातचीत मला शब्दन् शब्द आठवते. आणि तेव्हा मी मोबाईलमध्ये बघत होते, हेही आठवतं.

रविवारी आम्ही गाड्यांवरून शेतावर पोचलो. वाट झाडांच्या कडेनं आत शेडपर्यंत जाते. बाटल्या नव्हत्या. नळ्या नव्हत्या. वाटेकडच्या प्रत्येक झाडाला खाली गेरू आणि चुन्याचा पट्टा, शहरातल्या रस्त्यावर असतो तसा, आणि वर खोडभर चढत गेलेले निळसर पांढरे ठिपके. एकेक भोक बुजवून, वरून बोटानं सारखं केलेलं. फिटरचं काम. कुठं ओघळ नाही, कुठं उंचवटा नाही.

पोरं बघतच राहिली. ताई एका खोडावरून हात फिरवत म्हणाल्या, “काका, इतक्या जखमा कशानं झाल्या हो?”



“खोडकिडा,” बाबा म्हणाले. “फार झाला होता या वर्षी.”

मी बाबांना खोटं बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्यांना ते येतही नव्हतं. ‘खोडकिडा’ म्हणताना ते ताईंच्या चपलांकडे बघत होते.

“आणि तुम्ही एकूण एक भोक भरलंत!” ताईंनी गटाकडे वळून सांगितलं, “बघा रे. याला म्हणतात काम. आपण खिळा काढला की फोटो काढतो.” आणि मग फोटोच काढला. बाबा मधे, ताई शेजारी, मी दुसऱ्या बाजूला. बाबांची नखं मोरचुदानं निळी झालेली फोटोत स्पष्ट दिसतात. त्या फोटोखालच्या ओळी मी लिहिल्या. ‘निवृत्तीनंतर झाडांचे वैद्य झालेले बाबा.’ शेडच्या ओट्यावर बसून आम्ही पोहे खाल्ले आणि झाडांना खिळे ठोकण्यावर बंदी मागणाऱ्या गटाच्या ठरावावर मी बोलले, पोटतिडकीनं. मला फार हलकं वाटत होतं. बाबांना माझं म्हणणं पटलं असं मी धरून चालले. विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

बाबा शेतावर जातच राहिले. अगराचा विषय घरात निघेनासा झाला. मधे एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला. आणि एके दिवशी बाबा म्हणाले, “उद्या पहिली तोडणी आहे. तू येतेस का? नाहीतर राहू दे. तुला बघवणार नाही.”

“कशाची तोडणी?” मी विचारलं.

“अगराची. कशाची असणार?”

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, “जा त्यांच्याबरोबर. काय असेल ते बघ तरी एकदा डोळ्यांनी.”

टोचणीवाला दोन माणसं आणि पेट्रोलवर चालणारी करवत घेऊन आला होता. वाटेच्या तोंडाचं झाड आधी पाडलं. शहरात झाड पाडायची नोटीस लागली की मी हरकत लिहायला बसते. इथं मी बाबांच्या शेजारी गप्प उभी होते. खोडाचे तुकडे केले, एका माणसानं पटाशी लावून तुकडा उभा फोडला.

पांढरा. आतून बाहेरून पांढरा. भोकाच्या कडेला काडीएवढी तपकिरी रेघ, बाकी सोललेल्या मुळ्यासारखं लाकूड.

“होतं असं एखादं,” टोचणीवाला म्हणाला. दुसरं पाडलं. तेही तसंच. तिसऱ्यानंतर त्याचा गॉगल कपाळावर गेला. “काका, हे काय आहे? याचा देवासाठी पाटसुद्धा करता येणार नाही.” त्यानं चाकूच्या टोकानं एक भोक कोरलं. आतून निळसर खडूसारखा भुगा पडला. तो त्यानं बोटांवर घेतला, नाकाशी नेला. “हे काय भरलंय? मोरचूद-चुना? काका, बोर्डो? अहो, बुरशी टाकायची मी आणि बुरशीचं विष टाकणार तुम्ही! मी सांगितलं होतं ना, हात लावू नका? कुठल्या शहाण्यानं सांगितलं हे लावायला?”

“मीच लावलं,” बाबा म्हणाले. “मला वाटलं, झाड सडेल.”

“तुम्हाला वाटलं!” तो म्हणाला. त्याचं चिडणं खोटं नव्हतं, पिकात त्याचाही वाटा होता. तो तरातरा शेडच्या मागं गेला. तिथं काही झाडं आहेत, शेडच्या भिंतीआड. तिथून त्याची हाक आली, “काका! इकडची कशी काय मोकळी?”

शेडमागच्या झाडांना पेस्ट नव्हती. पट्टाही नव्हता. भोकांच्या तोंडाशी साल काळवंडलेली, चिकट झालेली. एक पाडलं, फोडलं, आणि मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा अगर बघितला. भोकाभोवती हाताच्या पंजाएवढा काळा, तेलकट डाग, लाकडाच्या रेषांवरून वरखाली पसरलेला. पेटवायची गरजच नव्हती. ओला, गोड, जरासा गुरांच्या गोठ्यासारखा वास हवेत आला आणि करवतवाला माणूससुद्धा क्षणभर थांबला.

“हे असं सगळं निघालं असतं,” टोचणीवाला म्हणाला. “सगळं. ही का सोडलीत?”

“पेस्ट संपली होती,” बाबा म्हणाले.

शेडच्या दारातून मला आत कोपऱ्यातला डबा दिसत होता. झाकणाच्या कडेनं वाळलेली निळी पेस्ट, आणि झाकण उघडंच होतं. अर्ध्याच्या वर भरलेला. पेस्ट संपली नव्हती. आम्ही पोहे खायला बसलो होतो त्या ओट्यावरून, आणि वाटेवरून, ही मागची झाडं दिसत नाहीत. बाबांनी तेवढीच झाडं बुजवली होती जी माझ्या लोकांना दिसली असती.

मला गप्प बसता येत नाही. हा गुण म्हणून सांगितला जातो. मी म्हटलं, “त्यांनी माझ्यामुळे लावली. माझ्या गटाचे लोक येणार होते, त्यांना भोकं दिसू नयेत म्हणून.”

टोचणीवाल्यानं माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. “म्हणजे पाहुणे येणार म्हणून झाडांना मेकअप केलात?” त्याची माणसं हसली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, “आरं, पाहुण्यांना पडदा लावायचा हुता, सोपं हाय की!” आणि ते पुन्हा हसले.

बाबा रागावले. माझ्यावर. “गप्प बस,” म्हणाले. “प्रत्येक गोष्ट चार लोकांसमोर बोलायलाच पाहिजे का?”

परत येताना स्कूटरवर मी मागं बसले होते. धरणाच्या भिंतीपाशी नेहमीसारखी कणसं खाणाऱ्यांची गर्दी. बाबांनी गाडी हळू केली.

“मला विचारायचं तरी, बाबा.”

“काय विचारायचं? तू म्हणालीस, कुठल्या तोंडानं उभी राहू. मी म्हटलं, आधी हिच्या तोंडाचं बघू, लाकडाचं मग बघू. बुरशी आत गेली असेल तोवर, असं वाटलं. नव्हती गेली.”

“माहीत होतं तुम्हाला? पेस्टनं मरते ते?”

“तूच लिहिलंयस की.” मग मान न वळवता, “आणि खरं सांगू का. ते पत्रक वाचलं तेव्हा मलाच कसंतरी झालं होतं. भोकं बघवेनात. चांगलं लिहितेस तू.”

मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. पत्रकाला शिव्या खायची सवय असते. वाटेल त्या कारणानं चिडलेल्या दुकानदारांशी मी वाद घातलेत, एकानं माझ्या अंगावर पाणी फेकलं होतं. पण माझं लिखाण वाचून, मानून, त्याप्रमाणे अक्षरशः वागलेला एकुलता एक वाचक मला मिळाला, तो हा. मी त्याचं पीक मारलं असं म्हणणं सोपं आहे, आणि तसं म्हटलं की दोन अश्रू ढाळून मोकळं होता येतं. मला ज्याची लाज वाटते ते वेगळं आहे. टोचणीबद्दल माझं जे मत होतं, ते अजून तसंच आहे. झाडाला मुद्दाम आजारी पाडणं मला आजही पटत नाही. पण त्या रविवारी ओट्यावर बसून मला जो आनंद झाला, तो झाडाची जखम भरल्याचा नव्हता. जखम झाकली गेल्याचा होता. दोन्हींतला फरक मला तेव्हा कळला नाही असंही नाही. मी तो बघितला नाही.

तो फोटो गटाच्या ऑनलाइन पानावर अजून आहे. काढून टाकला तर कुणीतरी विचारेल, का काढला. मधे ताईंनी फोन केला होता. पावसाळ्याआधी एक कार्यक्रम आहे, बाबांनी झाडांच्या जखमांवर थोडं बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. मी म्हटलं, “त्यांना बोलायची सवय नाहीये हो ताई.” ताई म्हणाल्या, “अगं, अशीच माणसं हवीत.” मी बाबांना सांगितलंच नाही.

वाटेकडची सगळी झाडं पाडली नव्हती. टोचणीवाल्याचा राग उतरल्यावर तो म्हणाला, उरलेल्यांना जुन्या भोकांपासून लांब नवी भोकं पाडू, परत डोस देऊ, परत थांबू. या वयात बाबांना परत थांबणंच अवघड आहे. शिवाय त्यांचा उजवा खांदा आखडलाय, मशीन वर धरवत नाही. मीच म्हटलं, “मी येते. खुणा तुम्ही करा, मशीन मी धरते.”

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. “धरवेल?” म्हणाले. त्यांना वजनाबद्दल विचारायचं नव्हतं.

“धरवेल.”

तर मी आता सुट्टीच्या दिवशी सकाळी खिळे उपसत नाही. गटाला सांगितलंय, बाबांची तब्येत बरी नसते. हे पूर्ण खोटं नाही, म्हणून सांगायला बरं. शेतावर बाबा खडूनं खूण करतात, मी बॅटरीवरचं मशीन टेकवते, ते म्हणतात, “सरळ धर. ढकलू नको, त्याचं ते जातं आत.” आणि पांढरा भुसा माझ्या मनगटावर पडतो. पहिल्या भोकाला मी मान फिरवली होती. नंतर सरळ भोकाकडे बघू लागले, तेही मला आवडलं नाही.

परवा असंच चाललं होतं. वाटेच्या तोंडाशी मोटारसायकलचा आवाज आला. मी भोक अर्ध्यात सोडलं, मशीन बाहेर ओढलं आणि खोडाच्या आड झाले. ठरवून नाही. शरीरच गेलं. अगराचं खोड काही फार जाड नसतं, त्यामागं माणूस लपत नाही. गाडीवर दुधाचे कॅन लावलेला कुणी होता, त्यानं आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

बाबांनी बघितलं होतं. त्यांनी माझ्या हातातून मशीन काढून घेतलं.

“जा,” म्हणाले, “पाणी पिऊन ये. हे झाड मी करतो.”

“बाबा, तुमचा खांदा...”

“जा म्हटलं ना. ऊन झालंय.”

मी शेडमध्ये जाऊन पाणी प्यायले. तहान नव्हती. बाहेर मशीन सुरू व्हायचं, मधेच थांबायचं, बाबा खांदा सोडवत असणार, मग परत सुरू व्हायचं. मला जायला हवं होतं. मी दाराच्या आतच उभी राहिले. आधी वाटेवर कुणी नाही ना, ते बघितलं, आणि मग बाहेर आले.